दाताच्या डॉक्टरांची मान, पाठ, कंबर : अनुभव आणि उपाय लिहा

अक्कलदाढ – सोमवार, रात्री ११.१०

आमच्या बीडीएसच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आधी त्यावर केसेसचे फोटो यायचे, मग मुलांच्या ॲडमिशनच्या चर्चा आल्या, आणि चाळिशी उलटल्यावर आता एमआरआयचे रिपोर्ट येतात. "मानेच्या सी५-सी६ मणक्यांमधल्या गादीला बल्ज आहे, कोणाला दाखवू?" "ऑर्थो (हाडांचे डॉक्टर) म्हणतायत क्लिनिक महिनाभर बंद ठेवा. ईएमआय ते भरणार का?" तिथे उत्तरं ठरलेलीच येतात: बेल्ट लाव, योगा कर, आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत. म्हणून इथे धागा काढतेय. मायबाप वाचकांत आमच्या पेशातले बरेच जण आहेत, फिजिओ आहेत, आणि आमच्यासमोर आ वासून आडवे होणारे तर सगळेच आहात.

हे दुखणं काही दोन-चार जणांचं नाही. २००९ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात जगभरच्या पाहण्यांचा आढावा छापून आला होता. त्यात या क्षेत्रातल्या ६४ ते ९३ टक्के लोकांना स्नायू-सांध्यांचं कुठलं ना कुठलं दुखणं होतं. डेंटिस्टांमध्ये पाठ-कंबर ३६ ते ६० टक्के, मान २० ते ८५ टक्के. मानेच्या आकड्यातली तफावत बघून हसू येईल, पण 'गेल्या आठवड्यात दुखली का' आणि 'कधी दुखली होती का' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. खालचा आकडा धरला तरी पाचातला एक होतोच.

आता नेमकं होतं काय ते सांगते. वरच्या डाव्या बाजूची सात नंबरची दाढ, रूट कॅनाल. पेशंट अर्धवट आडवा, कारण पूर्ण झोपवलं की त्याला कसंतरी होतं. आपण उजव्या हाताला, घड्याळात नऊ वाजतात त्या जागी (पेशंटचं तोंड घड्याळाचा मध्य, डोक्यामागे बारा). आरशात बघायचं, पण एअरोटरच्या (दात कोरायच्या वेगवान यंत्राच्या) पाण्याने आरसा भरलेला. म्हणून थेट बघायला मान पुढे जाते. पुढे जाऊनही दाढेची मागची बाजू दिसत नाही, म्हणून डोकं डाव्या खांद्याकडे कलतं. हात पोचावा म्हणून उजवं कोपर वर उचललं जातं. फूट कंट्रोल लांब सरकलेला असतो, तो शोधत उजवा पाय पसरला की कमरेत पीळ पडतो. असा चारी बाजूंनी वेटोळं झालेला माणूस मग मिलिमीटरच्या हिशेबात कॅनाल शोधतो आणि श्वाससुद्धा रोखून धरतो. चाळीस मिनिटं. नंतर पुढचा पेशंट.

माझं म्हणणं असं की "ताठ बसा" हा सल्ला अपुरा आहे. आपण वाकतो ते दिसत नाही म्हणून. दिसायची सोय केली तर पाठ आपोआप जागेवर राहते; नाही केली तर निग्रहाने ताठ बसलेला माणूसही दोन मिनिटांत पुन्हा वाकतो. म्हणून आधी पेशंटचं डोकं, मग लाइट, मग आरसा, आणि सगळ्यात शेवटी आपली पाठ. बहुतेक क्लिनिकांत हा क्रम उलटा आहे. पेशंट जसा बसला तसा बसू दे, आपण जमवून घेऊ, हा आपला भिडस्तपणा.

तुमचे अनुभव लिहा. लूप्स (चष्म्याला लावायच्या छोट्या दुर्बिणी), सॅडल स्टूल, असिस्टंट, व्यायाम, ऑपरेशन, काहीही चालेल. पेशंट मंडळींनीही लिहा.

---

कट्टेकरी – सोमवार, रात्री ११.३४

आयला, मला वाटायचं त्या खोलीत दुखणं फक्त आमच्याकडे असतं!

गंभीर प्रश्न: आम्ही पेशंटनी काय केलं तर तुमची मान वाचेल? मी तर तोंड उघडून डोळे मिटतो आणि कुलदैवत आठवतो.

---

अक्कलदाढ – मंगळवार, सकाळी ७.०५

@कट्टेकरी, डोळे मिटा, कुलदैवत आठवा, फक्त मान आमच्या ताब्यात द्या. "हनुवटी वर करा" म्हटलं की लोक तोंड आणखी मोठं उघडतात, हनुवटी तिथेच. वरच्या दाढांचं काम असेल तेव्हा डोकं इतकं मागे हवं की वरच्या दातांची चावायची बाजू उभ्या रेषेच्याही थोडी मागे झुकेल. खालच्या दाढांना उलट, हनुवटी छातीकडे. आणि खुर्चीत बसल्यावर वर सरका, डोकं हेडरेस्टच्या अगदी टोकाला येऊ दे. तुम्ही चार बोटं खाली बसलात की ती चार बोटं आम्ही वाकून भरून काढतो. हा प्रकार दिवसभर चालतो.

"डावीकडे वळा" सांगितल्यावर नुसते डोळे वळवणारेही खूप असतात. त्यांच्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

---

तोंड_उघडा – मंगळवार, सकाळी ९.२०

ताई, धागा अगदी वेळेवर. मी ओरल सर्जन, विदर्भात प्रॅक्टिस. तुमच्या यादीत आमच्याकडची एक गोष्ट राहिली: खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी खर्रा कोपऱ्याकोपऱ्यावर घोटून मिळतो. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, सबम्युकस फायब्रोसिस, आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. धडधाकट माणसाच्या वरच्या-खालच्या दातांत तीन बोटं सहज जातात. आमच्याकडे पंचविशीतली पोरं येतात, एक बोट आडवं घालायचं तर मारामार. त्यात अक्कलदाढ सडलेली. आता सांगा, कसलं नऊ वाजताचं आसन आणि कसले बारा? मोठ्या डोक्याचा एअरोटर आत जात नाही, आरसा गेला तर हत्यार जात नाही, गाल मागे ओढायचा तर तो चामड्यासारखा ताठ. मग उभं राहून, एक गुडघा खुर्चीला टेकवून, मान तिरकी करून काम.

अशा पेशंटचं थोडं तरी सुसह्य करणाऱ्या गोष्टी: लहान डोक्याचा हँडपीस (पोरांच्या दातांसाठी मिळतो तोच), डोक्यावरचा दिवा, आणि एका बैठकीत सगळं संपवायचा हट्ट सोडणं. दर दहा मिनिटांनी पेशंटच्या जबड्याला आराम द्यावाच लागतो, त्याच वेळात आपण खांदे खाली सोडायचे. आणि तोंड फारच कमी उघडत असेल तर आधी फायब्रोसिसचे उपचार, जबड्याचे व्यायाम. आजच दाढ काढायलाच पाहिजे असं दर वेळी नसतं.

---

मणकामास्तर – मंगळवार, दुपारी २.४५

फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत दातवाले, शिंपी, सोनार आणि आयटीवाले हे चार कायमचे. दातवाला दारातून आत येतानाच ओळखू येतो: उजवा खांदा वर, डोकं किंचित पुढे आणि डावीकडे. मानेपासून खांद्याकडे जाणारा ट्रॅपिझियस स्नायू उजव्या बाजूला दाबला की डॉक्टरसाहेब खुर्चीतून उठतात.

थोडं शास्त्र. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. ते मणक्याच्या बरोबर वर असेल तर मानेच्या स्नायूंना फारसं काम नसतं. पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. न्यूयॉर्कमधल्या केनेथ हंसराज या मणक्याच्या सर्जनने २०१४ साली याचं गणित मांडलं होतं: १५ अंश झुकल्यावर मानेवर सुमारे १२ किलोचा भार, ३० अंशांना १८, ४५ ला २२ आणि ६० ला २७. हे कॉम्प्युटर मॉडेल आहे, जिवंत माणसाच्या मानेत काटा लावून मोजलेलं नाही, त्यामुळे आकडे छातीवर कोरून घेऊ नका. पण दिशा बरोबर आहे.

खरी गोम भारापेक्षा वेळेत आहे. स्नायू आकसून तसाच राहिला की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं, टाकाऊ पदार्थ साचतात. हालचाल करणारा स्नायू पंपासारखा रक्त आत-बाहेर करतो. दातवाल्याचा स्नायू मात्र तासभर मूठ आवळून बसल्यागत असतो. म्हणून जड ओझं न उचलताही संध्याकाळी खांद्यात गाठी लागतात.

आता उपायांबद्दल, जरा स्पष्टच बोलतो. कंबरेचा बेल्ट आणि गळ्याचा कॉलर हे दुखणं उसळल्यावर चार दिवस ठीक. महिनोन् महिने लावून क्लिनिक चालवणारे माझ्याकडे येतात तेव्हा स्नायू आणखी ढिले झालेले असतात. मसाज छान वाटतो, वाटू दे, पण त्याने ताकद येत नाही. तुम्हाला ताकद हवी आहे मानेच्या पुढच्या खोल स्नायूंची, दोन फऱ्यांच्या (खांद्याच्या पात्यांच्या) मधल्या स्नायूंची आणि पोटाच्या आतल्या पट्ट्याची. आणि सैल करायची आहे छाती. हनुवटी आत ओढणं (मान खाली न घालता, डबल चिन होईल अशी), दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती पुढे ताणणं, रबर बँड मागे ओढणं. दोन पेशंटांच्या मध्ये हातमोजे बदलता ना, त्या अर्ध्या मिनिटात ज्या बाजूला दिवसभर वळलात त्याच्या उलट बाजूला वळा. हे रोज करा, बाकी जिम-बिम नंतर.

एक सूचना मात्र सगळ्यांना. हाताला मुंग्या, बोटं बधिर, हातातली वस्तू सुटणं, पाय लुळा वाटणं, आणि लघवी-शौचावरचा ताबा किंवा त्या भागातली संवेदना कमी होणं, यातलं काहीही असेल तर माझ्यासारख्याचे प्रतिसाद वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा. शेवटची दोन लक्षणं असतील तर त्याच दिवशी.

---

रोखठोक – मंगळवार, संध्याकाळी ६.१५

एसीत बसून हजारो रुपये घेणाऱ्यांचं रडगाणं. भात लावणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायांच्या कमरेवर कधी धागा निघालेला पाहिला नाही.

---

अक्कलदाढ – मंगळवार, रात्री ११.०२

@रोखठोक, काढा की, मी पहिला प्रतिसाद देईन. माझी आजी कोकणात भात लावायची, साठीत कंबरेतून वाकली ती वाकलीच. तिला दुखणं सांगायचीही सोय नव्हती आणि औजार बदलायचीही नव्हती. आम्हाला दोन्ही आहे, तरी आम्ही काही करत नाही, एवढाच या धाग्याचा मुद्दा.

@मणकामास्तर, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार. वाचनखूण साठवली.

---

इंटर्न_आहे_अजून – बुधवार, रात्री १२.४०

सध्या इंटर्नशिप चालू, सरकारी कॉलेज (नाव नको). आमच्याकडे हे सगळं तिसऱ्या वर्षीच सुरू होतं. लेक्चरमध्ये एक स्लाइड असते, बसण्याची योग्य पद्धत, व्हायवाला विचारतात, आम्ही फाडफाड सांगतो. आणि क्लिनिकमध्ये? चेअरची पाठ मागे जात नाही, स्टूलचं हायड्रॉलिक गेलंय त्यामुळे बसलं की हळूहळू खाली. कोटा पूर्ण करायचा असतो, तेव्हा उभ्याने स्केलिंग (दात साफ करणं). सर येऊन मार्जिन बघतात, कॅव्हिटी बघतात, पण "तू बसलीयस कशी" हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

माझं वय तेवीस आणि आत्ताच रात्री उजव्या खांद्याखाली गरम पिशवी लागते. आत्तापासून काय करू? लूप्स घेऊ का? एवढे पैसे नाहीत.

---

निवृत्त_दातार – बुधवार, सकाळी ६.३०

बाळ, तुझा प्रतिसाद वाचून पन्नास वर्षांपूर्वीचं कॉलेज आठवलं. आम्ही शिकलो तेव्हा बसायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टर उभा, पेशंट न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखा ताठ. मान दुखायचीच, पण त्याहून पाय. माझ्या सरांच्या दोन्ही पोटऱ्यांवर निळ्या शिरांची वेटोळी होती, घट्ट मोजे घालून ओपीडी करायचे.

तिकडे अमेरिकेत हे आधीच बदललं होतं. १९५७ साली बॉर्डन यांचा एअरोटर आला, मिनिटाला तीन लाख फेऱ्यांपर्यंत. दाताला जोर लावून कोरण्याची गरज संपली. पुढच्याच वर्षी पूर्ण आडवी होणारी खुर्ची आली, आणि १९६०च्या सुमारास बसून, शेजारी असिस्टंट घेऊन 'चार हातांनी' काम करायची पद्धत तिथे रुळली. या तीन गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत. आपल्याकडे एअरोटर आला, खुर्चीही आली, चार हातांतले दोन हात मात्र वाटेतच राहिले. बसलेला डेंटिस्ट एकटा असेल तर त्याला हत्यार घ्यायला वळावं लागतं, सक्शन (तोंडातलं पाणी ओढणारी नळी) धरायला वळावं लागतं, सिमेंट कालवायला वळावं लागतं. उभा होता तेव्हा निदान पाय तरी हलवायचा.

मला स्वतःला विचाराल तर मी शेवटपर्यंत दात काढायला उभा राहिलो आणि भरायला बसलो. दिवसभर एकाच आसनात राहायचं नाही, हे त्यामुळे आपोआप साधलं.

---

रूट_टू_रूट – बुधवार, दुपारी १.२५

एंडो (रूट कॅनालची कामं) करतो. लूप्सवर प्रश्न आलाच आहे तर लिहितो, कारण यात विक्रेते जे सांगतात आणि जे सांगत नाहीत त्यात बरंच अंतर आहे.

लूप्सने मोठं दिसतं हा त्यांचा दुय्यम फायदा. मुख्य फायदा असा की ठरावीक अंतरावरच स्पष्ट दिसतं. पुढे वाकलात की धूसर, म्हणून तुम्ही वाकतच नाही. पण हे अंतर तुमचं पाहिजे. मोजायचं ते खुर्चीत, तुमच्या स्टूलवर, पेशंटच्या तोंडाच्या जागी कुणाला तरी ठेवून, पाठ सरळ असताना, डोळ्यापासून दातापर्यंत. एक्झिबिशनच्या स्टॉलवर उभ्या उभ्या मोजून घेतलेलं माप बहुतेक वेळा कमी येतं. मग लूप्स लावूनही तुम्ही वाकलेलेच राहता, फक्त आता दहा पट खर्च करून.

दुसरी गोष्ट कोन. दुर्बिणी काचेत किती खाली झुकवून बसवल्यात, त्यावर मान किती वाकणार ते ठरतं. कोन कमी असेल तर खाली बघायला अख्खं डोकं खाली घालावं लागतं. लूप्सने मान जास्त दुखायला लागली अशी तक्रार येते तेव्हा मी आधी हेच बघतो.

२.५ एक्सपासून सुरुवात करावी. साधे गॅलिलियन असतात, हलके, दिसणारं क्षेत्र मोठं. प्रिझमवाले जास्त पॉवरचे, पण वजनदार, आणि ते वजन नाकावर आणि मानेवरच येतं. काचेत पक्के बसवलेले घेतले तर हलके पडतात. पुढे नंबर बदलला की मात्र पुन्हा कंपनीकडे पाठवायचे. वर उचलता येणारे जड असतात, पण कोन बदलता येतो. आता नवीन प्रकार आलाय, ज्यात प्रिझमने प्रकाश वळवतात, त्यामुळे डोळे समोर आणि दिसतं खालचं. मान जवळजवळ सरळ राहते. सवय व्हायला वेळ लागतो, सुरुवातीला हत्यार हातात घेताना चुकामूक होते.

@इंटर्न_आहे_अजून, तू आत्ता लूप्स घेऊ नकोस. आरसा शिक. आरशात बघून काम करता येणं हे फुकटातलं लूप्स आहे. आणि आरसा चांगला घे: साध्या आरशात काचेच्या मागे लेप असतो म्हणून प्रतिमा दुहेरी दिसते, 'फ्रंट सरफेस' आरशात पुढच्याच पृष्ठावर लेप असतो, प्रतिमा एकच. ओरखडे लवकर पडतात, जपून वापरायचा. बघायला लागायच्या आधी गालाच्या आतल्या बाजूला क्षणभर टेकवला की वाफ धरत नाही. पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांग. बारा वाजताच्या जागी बसून वरच्या दाढा आरशातून करायचा सराव कर, आधी टायपोडॉन्टवर (सरावाच्या नकली जबड्यावर). पहिले काही आठवडे हात उलटे जातात, मग बसतं.

---

सॅडलवाली – बुधवार, रात्री ९.५०

सॅडल स्टूलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. घोड्याच्या खोगिरासारखी बैठक, पाय फाकवून बसायचं, गुडघे कमरेच्या खाली. त्याने ओटीपोटाचं हाड पुढे झुकतं आणि कमरेचा नैसर्गिक बाक टिकतो. साध्या स्टूलवर मांड्या आडव्या असतात, तिथे बाक सपाट होतो आणि आपण पोक काढतो.

पण घेण्याआधी हे बघा. सॅडलवर तुम्ही उंच बसता, म्हणजे पेशंटची खुर्चीही तेवढी वर जायला हवी. जुन्या खुर्च्यांची पाठ इतकी जाड असते की तिच्याखाली मांड्या जातच नाहीत. मग आपण लांबून हात पसरतो आणि सॅडलचे पैसे वाया. सुरुवातीला बसायची जागा सडकून दुखते, त्यामुळे सकाळच्या एका पेशंटपासून सुरू करा. आणि मैत्रिणींनो, साडी किंवा घट्ट कुर्ता घालून यावर बसता येत नाही. आमच्याकडे सासूबाईंना क्लिनिकमध्ये साडीच हवी होती. स्क्रब्स घालायला लागले तेव्हा घरात आठवडाभर थंड युद्ध झालं. युद्ध मी जिंकलं.

---

लेस्टरचा_बाब्या – गुरुवार, पहाटे ३.१५

इंग्लंडहून. निवृत्त_दातार काकांच्या 'दोन हात वाटेत राहिले' याला जोरदार अनुमोदन.

इथे डेंटल नर्सशिवाय पेशंटच्या तोंडात हात घालायचा नाही, अशी जीडीसीची (इथल्या दंत परिषदेची) अपेक्षा आहे, अपवाद मोजके. आणि नर्सला स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं, २००८ पासून सक्तीचं. मी पुण्यात होतो तेव्हा ज्या मावशी केस पेपर काढायच्या, फरशी पुसायच्या, त्याच सक्शन धरायच्या. धरायच्या म्हणजे काय, पेशंटच्या ओठाला नळी अडकवून फोन घ्यायला जायच्या. इथे आल्यावर पहिल्या दिवशी नर्सने हातात हत्यार दिलं ते नजर न हलवता. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की दिवसभरात मी एकदाही मागे वळलो नाही.

पण इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. २००६ पासून एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) कामाची मोजणी युनिटमध्ये होते. २०२२ पर्यंत एक फिलिंग केलं तरी तीन युनिट मिळायचे, चार केली तरी तेवढेच. त्यामुळे लोक घाईत असायचे, मध्ये थांबायला वेळ नसायचा, आणि घाईतला डेंटिस्ट कुठल्याही देशात वाकडाच बसतो. नर्सच्याही माना दुखतात, त्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

---

गाळा_नंबर_सात – गुरुवार, सकाळी १०.४०

बाब्या, नियम चांगला आहे हो, पण परवडायला पाहिजे. आमचा गाळा दोनशे चौरस फुटांचा. खुर्ची भिंतीला चिकटवून ठेवल्यामुळे बारा वाजताच्या जागी माझ्या ऐवजी ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) बसतो. मुलगी शिकवून तयार केली की शेजारचा मॉलवाला दोन हजार जास्त देऊन घेऊन जातो. आपल्या १९४८च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये डेंटिस्ट होता, दात साफ करणारा हायजिनिस्ट होता, कवळ्या बनवणारा मेकॅनिक होता. खुर्चीशेजारी उभी राहणारी मुलगी कुठेच नव्हती. तिला ना दर्जा, ना पगाराची शिडी. ती का टिकेल?

आणि दुखण्यापायी क्लिनिक बंद ठेवलं तर उत्पन्न शून्य. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देतो, बंद शटरचं भाडं देत नाही. एजंटने मला जी पॉलिसी विकली ती अपघाताची. मानेची गादी झिजणं हा अपघात नाही म्हणे.

---

अक्कलदाढ – गुरुवार, रात्री १०.३०

@गाळा_नंबर_सात, खुर्ची भिंतीपासून फूटभर पुढे आणि जराशी तिरकी ठेवून बघा. पायांकडची बाजू कोपऱ्याकडे गेली की डोक्यामागे जागा निघते. ऑटोक्लेव्ह भिंतीवर फळी मारून वर. गाळ्यातल्या लोकांना बारा वाजता मिळणार नसेल तर साडेअकरा तरी मिळवाच, त्याने वरच्या दाढांत फार फरक पडतो.

असिस्टंट टिकत नाही हे खरं. पण बाब्याच्या मावशींनाही दोन गोष्टी नक्की शिकवता येतात: आरशावर हवा मारणं, आणि हत्यार आपल्या हातात ठेवणं. बाकी सक्शनचं तंत्र नंतर. या दोन्हींमुळे आपलं वळणं आणि डोकावणं पुष्कळ कमी होतं.

आणखी एक: हत्यारांचे दांडे. स्केलिंगची जुनी हत्यारं बारीक आणि जड असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली मोजून दाखवलं होतं की १० मिलिमीटर जाडीचा आणि १५ ग्रॅम किंवा त्याहून हलका दांडा असेल तर चिमटीत लागणारा जोर कमी होतो. चिमूट घट्ट झाली की मनगट, कोपर, खांदा सगळे आवळत जातात. अकाली बोथट झालेल्या क्युरेटने (दात खरवडायच्या हत्याराने) जोर लावत बसण्यापेक्षा धार लावायचा दगड स्वस्त.

---

कट्टेकरी – शुक्रवार, सकाळी ८.१५

आज अपॉइंटमेंट होती. खुर्चीत बसल्या बसल्या वर सरकलो, हनुवटी वर केली, म्हटलं डॉक्टर, बारा वाजता बसा. डॉक्टर म्हणाले, "साडेसात वाजलेत, मला नऊला दुसरीकडे जायचंय."

---

मणकामास्तर – शुक्रवार, सकाळी ८.४०

@कट्टेकरी 😂

@इंटर्न_आहे_अजून, तेविशीत रात्री गरम पिशवी लागणं नॉर्मल धरू नकोस. एकदा प्रत्यक्ष तपासून घे. आणि मैत्रिणीला सांगून काम करताना बाजूने आणि मागून व्हिडिओ काढ (पेशंटचा चेहरा नको). आपण ताठ बसलोय असं प्रत्येकाला वाटत असतं.

---

ज्येष्ठ_पेशंट – शुक्रवार, दुपारी १२.०५

माझ्यासारख्यांचं काय? वय ७८, आडवं केलं की चक्कर येते, मानेचा स्पॉन्डिलायटिस. डॉक्टर बिचारी वाकून वाकून काम करते, मलाच अपराधी वाटतं.

---

तोंड_उघडा – शुक्रवार, दुपारी १.३०

आजोबा, अपराधी वाटून घेऊ नका. आधीच सांगून ठेवा म्हणजे अपॉइंटमेंट छोट्या छोट्या देता येतात. आडवं करताना सावकाश, टप्प्याटप्प्याने. चक्कर असलेल्यांना बऱ्याचदा एकदम खाली नेल्यामुळे त्रास होतो. मानेखाली छोटी गुंडाळी किंवा उशी ठेवली की पुष्कळांना मान मागे टाकणं जमतं. तरीही नाही जमलं तर तुम्ही बसलेले राहा, डॉक्टरांनी उभं राहून करावं. वाकून बसण्यापेक्षा उभं राहणं बरं. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, आडवं पडल्यावर दम लागत असेल, तर तेही नक्की सांगा.

---

अक्कलदाढ – शुक्रवार, रात्री ११.२०

@रूट_टू_रूट, तुम्ही सांगितलंत तसं काल माप घेतलं. भाच्याला खुर्चीत झोपवून, माझ्या स्टूलवर बसून, शिंप्याच्या टेपने. ४३ सेंटिमीटर आलं. माझ्या आत्ताच्या लूप्सच्या पेटीवर ३५ लिहिलंय.

प्रिझमने प्रकाश वळवणारे लूप्स ठाणे-डोंबिवलीकडे कोणी आठवडाभर ट्रायलला देतं का? डिपॉझिट द्यायला हरकत नाही. इथे लिहू नका, व्यनि (खाजगी निरोप) करा, नाहीतर संपादक जाहिरात म्हणून उडवतील.